काजळ

पन्नासातली एकवीस काडतुसं घरात बसेनात.
बोल्ट अर्धा वळायचा, मग थांबायचा,
दार लावताना मध्ये कुणाची चप्पल यावी तसा.

शनिवारी क्लबची स्पर्धा. आज गुरुवार.
विजापूर वेशीत मे महिना,
पंखा नुसता आवाजाला.
पाटीवर अजून अब्बांचं नाव,
पाटीखाली मी, त्यांचाच एप्रन, दोनदा दुमडलेला.

आधी पुंगळ्यांवर संशय. लांबल्या असतील.
मोजल्या. नाही.
मग तोंडं. गोळी शिरावी म्हणून फुलवलेली
परत मिटायची राहिली असतील.
मिटवली. दोन सुटल्या,
एकोणीस तशाच.
मग मेण. काठीला कापूस गुंडाळून
घर पुसून काढलं. जुन्या मधासारखं थोडं निघालं.
तरी तेच.

गोळी जरा खोल ढकलावी, असं मनात आलं,
आणि अब्बा कानाशी खाकरले:
गोळीला दाबशील, पण खालची दारू
कुणाचं ऐकत नाही, बेटा.

संध्याकाळपर्यंत माझं ठरलं.
खोट रायफलीत आहे. नळीचं घरच मोठं करू.
रीमरला तेल लावत होते
तेवढ्यात शेजारचा नरसय्या गड्डम आला, कानस मागायला.
चाळीस वर्षं मागाचे धोटे नि बुश बसवणारा,
बंदुकीतलं त्याला ओ की ठो कळत नाही.
माझ्या हाताकडे बघून म्हणाला,
जैबक्का, लोखंड काढलं की परत येत नाय बघ.
कुठं दुखतंय ते आधी विचारलीस का?

कसं विचारू?

आम्ही शाफ्टला नीळ लावतो. तुझ्याकडं काय हाय?

माझ्याकडे पर्समध्ये काजळाची डबी.
एक मेलेलं काडतूस बनवलं, दारू नाही, टोपी नाही,
नुसती पुंगळी आणि गोळी,
आणि बोटानं तिला काजळ घातलं
लहान पोरीला घालतात तसं, टोकापासून कमरेपर्यंत.
आत सारली. हलकेच. बाहेर काढली.

सगळीकडे काळी.
फक्त दोन ठिकाणी, समोरासमोर,
उघडं शिसं चमकत होतं.

मायक्रोमीटर लावला: बरोबर.
गोळी चतकोर फिरवून लावला:
एक केस जास्त.

दिवसभर मी प्रत्येक गोळी
एकाच बाजूनं मोजली होती.

साचा उघडला. दोन्ही पाख्यांच्या मध्ये
मोहरीच्या टरफलाएवढा शिशाचा शिंतोडा,
त्यानं साचा मिटूच दिला नव्हता.
नरसय्या बघत राहिला. एवढंसं? म्हणाला.
मग स्वतःशीच काहीतरी तेलुगूत.

आता आठवलं.
एकतीस ओतून झाल्या होत्या आणि फोन आला.
हैदराबादहून मुश्ताक. तेच सगळं:
दुकानाला गिऱ्हाईक आहे, आपा, किती दिवस घासशील,
बाईमाणसानं बंदुका.
मी काही बोलले नव्हते.
परत येऊन साचा न पुसताच मिटला होता, जोरात,
आणि उरलेल्या ओतल्या होत्या.

एकोणीसच्या एकोणीस उपसून काढल्या.
दारू वेगळ्या डबीत गेली,
शिसं कढईत, अगदी मुकाट,
जणू काही झालंच नव्हतं.
दोघीतिघी माणसं जेवून झोपली असतील वेशीत तेव्हा
पहिली नवी गोळी हातात पडली, अजून कढत.
सगळ्या बाजूंनी मोजली.

कट्ट्यावर फोन थरथरत सरकत होता. मुश्ताक.
माझ्या हातात पळी. वाजू दिला.

नरसय्या कानस न्यायची विसरला ती विसरलाच.
सकाळी आला, कानस घेतली,
माझ्या तोंडाकडे बघून हसला.
गालाला काजळ लागलंय की, म्हणाला,
आणि गेला.